विक्रीला काढलेले घर भाड्याने देताना भाडेकरूपासून काय लपवू नये

माननीय संपादक महोदय,

सादर नमस्कार.

घर विक्रीला काढावे, महिन्यामागून महिने जावेत, पाहायला येणारे येऊन जावेत आणि सौदा मात्र जुळू नये, अशा वेळी घरमालकाला चहूबाजूंनी एकच सल्ला मिळतो : ‘गिऱ्हाईक मिळत नाही ना, मग भाड्याने देऊन टाका, घर पडून राहण्यापेक्षा चार पैसे तरी येतील.’ वृत्तपत्रांच्या घरखरेदीविषयक पानांवरही हा सल्ला वरचेवर वाचायला मिळतो. तो सर्वस्वी चुकीचा आहे असे मला म्हणायचे नाही. परंतु हा सल्ला देणारे जवळजवळ सगळेच जण मालकाच्या बाजूने विचार करतात आणि त्या घरात संसार मांडायला येणाऱ्या माणसाचा त्यात साधा उल्लेखही नसतो. माझे म्हणणे एवढेच आहे, की मालकाच्या मनात घर विकण्याचा विचार कायम असेल, तर ही गोष्ट भाडेकरूला करार होण्याआधी स्पष्टपणे सांगितली पाहिजे आणि ती करारनाम्यात लेखी आली पाहिजे. हे न करता घर भाड्याने देणे ही फसवणूक आहे, आणि ती मालकाच्याही अंगलट येते.

हे मी अनुभवावरून लिहीत आहे. आईवडिलांच्या पश्चात त्यांचे घर आम्ही भावंडांनी विक्रीला काढले. चौदा महिने ते विकले गेले नाही. शेवटी मध्यस्थाच्या सांगण्यावरून आम्ही ते एका कुटुंबाला भाड्याने दिले. पती-पत्नी, त्यांची शाळकरी मुलगी आणि पतीची वृद्ध आई अशी चार माणसे होती. विक्रीचा विषय त्यांच्याजवळ काढू नका, नाहीतर चांगला भाडेकरू हातचा जाईल, असे मध्यस्थाने बजावले होते आणि आम्ही ते ऐकले. पाच महिन्यांनी अचानक एक खरेदीदार पुढे आला. घर विकले जाणार आहे हे त्या कुटुंबाला आमच्याकडून समजले नाही. एका सकाळी खरेदीदाराला घेऊन दारात उभ्या राहिलेल्या मध्यस्थाकडून समजले. मी भेटायला गेले तेव्हा त्या गृहिणी मला म्हणाल्या, ‘ताई, आधी सांगितलं असतं तर कदाचित आम्ही आलोही असतो, पण मुलीचं नाव इथल्या शाळेत घातलं नसतं.’ या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. खरेदीदाराला दोन महिन्यांत रिकामा ताबा हवा होता आणि कराराची मुदत संपायला सहा महिने शिल्लक होते. त्या कुटुंबाने शाळेचे वर्ष संपेपर्यंत जागा सोडण्यास नकार दिला. तो त्यांचा हक्क होता. खरेदीदार निघून गेला. वर्ष संपल्यावर तेही निघून गेले, जाताना घर स्वच्छ करून आणि शेवटच्या महिन्याचे वीजबिल भरून. आमचे पैशाचे नुकसान झाले त्याचे मला फारसे वाटत नाही. त्या माणसांना आम्ही अंधारात ठेवले याचे वाटते.

घर विकले का जात नाही, हा प्रश्न खरे तर भाड्याचा विचार करण्यापूर्वीच विचारायला हवा. क्वचित कागदपत्रांत दोष असतो, वारसांची नोंद राहिलेली असते, बांधकामात एखादी उणीव असते. पण बहुतेक वेळा कारण एकच असते, ते म्हणजे मागितलेली किंमत. आपल्या मनात एक आकडा बसलेला असतो आणि त्याच्या खाली उतरणे म्हणजे नुकसान असे वाटत राहते. अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या मध्यवर्ती भागात १९९० च्या दशकात झालेल्या सदनिकांच्या व्यवहारांचा डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तो २००१ साली प्रसिद्ध झाला. ज्या मालकांना आपल्या खरेदी किमतीपेक्षा कमी पैसे मिळण्याची शक्यता होती, त्यांनी इतरांपेक्षा चढी किंमत मागितली आणि त्यांची घरे विकली जाण्याचा वेग कमी राहिला. अपेक्षित विक्री किंमत आणि मूळ खरेदी किंमत यांतील फरकाच्या २५ ते ३५ टक्के इतकी भर त्यांनी मागणीत घातली होती. प्रत्यक्षात मात्र त्या फरकाच्या ३ ते १८ टक्के एवढेच जास्तीचे पदरात पडले. बाजार बदलला, देश बदलला, तरी हा स्वभाव बदलत नसावा असे मला वाटते, कारण आम्ही भावंडेही हेच करत होतो. फरक इतकाच, की आमच्या मनातला आकडा खरेदीच्या किमतीतून आलेला नव्हता, तो वडिलांनी त्या घरासाठी उपसलेल्या कष्टांतून आला होता. खरेदीदाराला त्या कष्टांचे मोल देता येत नाही आणि तशी अपेक्षा करणेही योग्य नाही.

अशा वेळी घर भाड्याने देणे म्हणजे किंमत कमी करण्याचा निर्णय पुढे ढकलणे होय. झाकली मूठ झाकलेली राहते. पण या ढकलण्यालाही खर्च असतो, तो कागदावर मांडून पाहावा. समजा, आपली मागणी १०० आहे आणि बाजार ९२ द्यायला तयार आहे. घराचे वर्षाचे भाडे ३ येते असे धरू. दोन भाडेकरूंच्या मध्ये वर्षातून एक महिना जरी घर रिकामे राहिले, तरी त्या भाड्यातून आठ टक्क्यांहून अधिक रक्कम जाते. त्याखेरीज मध्यस्थाचा मोबदला, रंगरंगोटी, दुरुस्ती, मालमत्ता कर आणि देखभाल खर्च. हाती २ उरले तर पुष्कळ झाले. तेच घर ९२ ला विकून ती रक्कम सहा टक्क्यांनी गुंतवली असती, तर वर्षाला साडेपाच आले असते. म्हणजे थांबण्याचा खर्च वर्षाला साडेतीन. दोन वर्षे थांबल्यावर ७ गेले आणि ज्या ८ साठी थांबलो ते जवळजवळ सगळे संपले. घरांचे भाव चढत असतील तर हिशेब वेगळा होईल हे खरे, घरावर कर्ज असेल तर तो आणखी वेगळा होईल. पण हिशेब न करताच ‘चार पैसे येतील’ असे म्हणणे योग्य नाही. ज्याला भाव वाढण्याची सबळ कारणे दिसतात, किंवा ज्याला काही वर्षांनी त्याच घरात परत राहायला जायचे आहे, त्याने अवश्य भाड्याने द्यावे. केवळ आकडा सोडवत नाही म्हणून देऊ नये.

भाड्याच्या बाजूनेही एक भक्कम मुद्दा आहे आणि तो मी नाकारत नाही. रिकामे घर झपाट्याने खराब होते. मोरी आणि संडासाच्या नळीतील वळणात साठून राहणारे पाणी गटाराचा वास आणि झुरळे अडवत असते. वापर थांबला की ते पाणी आटते आणि घरात दुर्गंधी पसरते. टाकीत आणि नळांत साचून राहिलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात. १९७६ साली फिलाडेल्फियात ज्या न्यूमोनियाच्या साथीने ते प्रथम ओळखले गेले, तिने अनेकांचा बळी घेतला होता. म्हणून बंद घर पुन्हा उघडताना सगळे नळ बराच वेळ वाहू द्यावेत. बंद खिडक्यांमागे ओल धरते, लाकडाला वाळवी लागते आणि छताला गळती लागली तर ती कुणाच्या लक्षात येईपर्यंत भिंत फुगलेली असते. घरात माणूस असला की या गोष्टी त्या त्या दिवशीच कळतात. पण याचा अर्थ भाडेकरू हा भाडे भरणारा राखणदार आहे असा नव्हे. ते घर त्याच्यापुरते त्याचे घर असते.

आणि ही केवळ भावनेची बाब नाही. रोमन कायद्यात भाडेकरूचा हक्क फक्त त्याच्याशी करार करणाऱ्या मालकाविरुद्ध चालत असे. घर विकले गेले की नवा मालक त्याला बाहेर काढू शकत असे आणि भाडेकरूने जुन्या मालकाकडे भरपाई मागत बसावे अशी स्थिती होती. ‘विक्रीने भाडेपट्टा मोडतो’ असे सूत्रच त्यातून पुढे तयार झाले. जर्मनीच्या नागरी संहितेच्या १८८८ मधील पहिल्या मसुद्यात याच धाटणीचा नियम होता. त्यावर कडाडून टीका झाली आणि १ जानेवारी १९०० पासून अमलात आलेल्या संहितेत तो उलटा करण्यात आला : खरेदीने भाडेपट्टा मोडत नाही, नवा मालक जुन्या मालकाच्या जागी उभा राहतो. आज अनेक देशांच्या कायद्यांत कमीअधिक फरकाने हेच तत्त्व आढळते. तपशील जागोजागी वेगळे आहेत आणि करार भाडेपट्ट्याचा आहे की केवळ वापराच्या परवान्याचा, यावरही बरेच अवलंबून असते, म्हणून वकिलाचा सल्ला घेतल्याविना सही करू नये. परंतु ‘विकायची वेळ आली की भाडेकरूला काढू’ अशा समजुतीवर कोणी आपली योजना उभी करत असेल, तर पाया कच्चा आहे हे त्याने आधीच जाणून घ्यावे.

मग सांगायचे काय आणि लिहायचे काय? घर विक्रीला आहे ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगावी. करार पक्का करताना नव्हे, घर दाखवतानाच, कारण त्यानंतर माणूस मनाने त्या घरात सामान लावू लागलेला असतो. करारात किमान किती महिने विक्री झाली तरी जागा सोडावी लागणार नाही, हे लिहावे. ही किमान मुदत ठरवताना भाडेकरूच्या घरात शाळेत जाणारे मूल आहे का, एखादे आजारी माणूस आहे का, हे विचारण्यात संकोच वाटू नये. त्यानंतर जागा सोडण्यासाठी किती दिवसांची सूचना द्यायची, ती लेखी द्यायची की कशी, हेही लिहावे. खरेदीदारांना घर दाखवण्याचा प्रश्न फारच थोडे मालक आधी सोडवतात आणि बहुतेक भांडणे तिथेच होतात. भाडेकरूला एक दिवस आधी कळवून, त्याच्या सोयीच्या वेळी, आठवड्यातून ठरावीक वेळाच आणि मालक किंवा मध्यस्थ सोबत असतानाच घर दाखवले जाईल, असे कलम घालावे. अनोळखी माणसे आपल्या स्वयंपाकघरात उभी राहून ओट्याची लांबी मोजत आहेत आणि आपण कोपऱ्यात उभे आहोत, हा अनुभव किती अपमानाचा असतो ते मी त्या कुटुंबाच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. म्हणूनच भाडेकरू येण्यापूर्वी, घर स्वच्छ आणि मोकळे असताना, त्याची सगळी छायाचित्रे काढून ठेवावीत; जाहिरातीसाठी ती पुरतात, बऱ्याच चकरा वाचतात आणि पुढे घराच्या स्थितीबद्दल वाद झालाच तर पुरावा म्हणूनही त्यांचा उपयोग होतो.

अनामत रकमेविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. ती रक्कम मालकाची नसते, भाडेकरूने विश्वासाने ठेवलेली ठेव असते. मात्र विक्री न झाल्यामुळे ज्याचा हात आधीच आखडलेला आहे, असा मालक ती बहुधा खर्च करून टाकतो. पुढे घर विकले जाते तेव्हा नवा मालक म्हणतो, मला ती मिळालेली नाही. जुना म्हणतो, आता घर त्यांचे आहे, त्यांच्याकडे मागा. आणि भाडेकरू दोन दारांच्या मध्ये उभा राहतो. यावर उपाय अवघड नाही. रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी, आणि घर विकले गेल्यास ती खरेदीदाराकडे वर्ग केली जाईल की भाडेकरूला परत देऊन नव्या मालकाशी नवा करार होईल, हे मूळ करारातच ठरवून विक्रीच्या कागदपत्रांतही त्याची नोंद करावी.

आता मालकाने स्वतःच्या बाजूने कोणती माणसे विचारात घ्यायची ते थोडक्यात. घरावर कर्ज असेल तर ते देणाऱ्या संस्थेची पूर्वसंमती घ्यावी, कारण कर्ज स्वतः राहण्यासाठी घेतलेले असते आणि भाड्याने दिल्यास अटी बदलू शकतात. विमा कंपनीला कळवावे; घर ३० किंवा ६० दिवसांहून अधिक काळ रिकामे राहिल्यास अनेक विमापत्रांतील संरक्षण आक्रसते आणि भाडेकरू आल्यावर विम्याचा प्रकारच बदलावा लागतो. करसल्लागाराला तर आधी भेटावे. भाड्यावर कर लागतो हे सर्वांनाच ठाऊक असते, पण भाड्याने दिल्यामुळे पुढे विक्रीच्या नफ्यावरील सवलत जाऊ शकते, हे पुष्कळांच्या गावी नसते. अमेरिकेचे उदाहरण घ्यायचे तर तेथे विक्रीपूर्वीच्या पाच वर्षांपैकी किमान दोन वर्षे मालक स्वतः त्या घरात राहिलेला असेल, तरच नफ्यावर ठरावीक मर्यादेपर्यंत सूट मिळते. म्हणजे घर सोडून तीन वर्षांहून अधिक काळ ते भाड्याने देत राहिलेला मालक, भाड्याच्या पैशांपेक्षा कितीतरी मोठी सवलत गमावून बसू शकतो. नियम प्रत्येक ठिकाणी निराळे, पण घड्याळ चालू असते हे सगळीकडे खरे.

भाडेकरूसह घर विकायला काढले की खरेदीदारही बदलतो, हेही ध्यानात घ्यायला हवे. स्वतः राहायला येऊ पाहणाऱ्याला रिकामा ताबा हवा असतो, तो ताबडतोब मागे सरतो किंवा किंमत पाडून मागतो. गुंतवणूक म्हणून घर घेणाऱ्याला मात्र वेळेवर भाडे देणारा, घर नीट ठेवणारा भाडेकरू ही जमेची बाजू वाटते आणि भाड्याच्या पावत्या तो आवडीने पाहतो. भाडेकरूशी सचोटीने वागलेल्या मालकाला या दुसऱ्या प्रकारच्या खरेदीदाराकडे जाण्याची वाट मोकळी राहते. न वागलेल्याची ती बंद होते, कारण नाराज भाडेकरू घर पाहायला आलेल्याला काय सांगेल हे कोणालाच ठरवता येत नाही. शिवाय खुद्द भाडेकरूलाच घर घ्यायचे असू शकते. बाहेर देण्यापूर्वी त्याला विचारले जाईल, एवढे एक कलम घातले तर मालकाचे काहीच जात नाही.

आम्ही हे सगळे दुसऱ्या वेळी केले. मागणी कमी केली, वकिलाकडून करारनामा तयार करून घेतला आणि नवीन भाडेकरूला पहिल्या भेटीतच विक्रीची कल्पना दिली. दोन कुटुंबांनी ते ऐकून नकार दिला. तिसऱ्याने होकार दिला, कारण त्यांचे स्वतःचे घर बांधून व्हायला वर्षभराचा अवकाश होता आणि त्यांनाही तेवढ्याच काळापुरती जागा हवी होती. अशी माणसे असतात, परंतु खरे सांगितल्याखेरीज ती आपल्याला सापडत नाहीत. भाडे आम्ही बाजारापेक्षा थोडे कमी घेतले. घर दाखवण्याच्या त्रासाची ती भरपाई होती. अकरा महिन्यांनी घर विकले गेले. ६० दिवसांची सूचना दिली, शेवटच्या महिन्याचे भाडे घेतले नाही आणि किल्ल्या हाती घेताना अनामत रक्कम त्याच ठिकाणी परत केली.

पहिल्या कुटुंबाला मी नंतर पत्र लिहून क्षमा मागितली. त्यांचे उत्तर आले नाही आणि ते यावे असा माझा आग्रहही नव्हता.

संपादक महोदय, आपल्याकडे माझी एक विनंती आहे. घरे भाड्याने देण्याच्या छोट्या जाहिराती आपण छापता. जे घर त्याच वेळी विक्रीलाही आहे, त्याच्या जाहिरातीत तसे चार शब्द छापण्याची अट आपण घालावी. आणि घरांविषयीच्या आपल्या पानावर मालकांना सल्ला देणारे लेख येतात, तसाच एक लेख जाणकार वकिलाकडून भाडेकरूंसाठी लिहवून घ्यावा : घर पाहायला गेल्यावर ‘हे घर विक्रीला आहे का, आणि असल्यास मला किती महिने निश्चित मिळतील’ हे कसे विचारावे, आणि मिळालेले उत्तर करारात कोणत्या शब्दांत लिहून घ्यावे. वरील पत्रातील अनुभवाचा त्या लेखासाठी काही उपयोग होणार असेल, तर तो अवश्य करावा.

कळावे,

आपली नम्र,
एक वाचक